दोन बांधांमधले शेत आणि भोईर सर

किन्हवलीच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला भोईर सरांनी मला उभे केले. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या चढाओढीत शेजारच्या लहान देशाने काय करावे? मी ठोकून दिले, "जो जास्त देईल त्याच्याकडे जावे." वर्ग हसला. सर चिडले, आणि चिडले की ते घरच्या बोलीत बोलत.

"तुमचा शेत कुठं हाय गो?"

"पाटलांच्या नि सरपंचांच्या मधी."

"पानी?"

"वरून पाटलांच्या भाताच्या खाचरातून येतं, खाली सरपंचांच्या खाचरात जातं."

"मंग ते दोघं भांडले का तुजा बा कुनाकडं जातो?"

"कुनाकडंच नाय, सर. वरच्यानं पानी अडवलं तर रोप वाळंल, खालच्यानं अडवलं तर कुजंल. दोघांनाबी रामराम घालतो."

"आन नेपाळ, भूतान, मालदीव येडे हायेत का?"

मी खाली बसले. पुढे हाच विषय मी शिकवू लागले, तो या प्रश्नामुळे.

सरांची माया अशीच तिरसट. टीव्हीवर नेपाळशी सीमेच्या नकाशाचा वाद पेटला, तेव्हा आटगाव स्टेशनाबाहेर मोमोची गाडी लावणाऱ्या नेपाळी जोडप्याला काही तरुणांनी दम भरला. सर घरून खुर्ची घेऊन गेले आणि गाडीशेजारी बसले. "आदी मला उचला," एवढेच म्हणाले. बहुतेक पोरे त्यांचेच विद्यार्थी होती, ती निमूट पांगली.

आता रागाचे बोलते. सरांच्या अमृतमहोत्सवात त्यांना एकच भाषण करायचे आहे : 'शेजाऱ्यांना आपण कसे दिसतो'. समारंभाच्या समितीने निरोप धाडला, विषय बदला, नुसत्या आठवणी सांगा. सर म्हणाले, "शाल तुमीच पांघरा. मी नाय येत." मग सरांची समजूत घालायला समितीने मला गाठले. मी गेले नाही, जाणारही नाही. उठसूट देशाच्या मोठेपणाच्या गप्पा मारायच्या आणि एका म्हाताऱ्या मास्तरांच्या अर्ध्या तासाच्या भाषणाला घाबरायचे! लाज वाटते मला या मोठेपणाची. शेजारी देश आपल्याला तोंडावर रामराम घालतात आणि घरात काय बोलतात, हे ऐकून घेण्याची हिंमत नसेल तर कसले थोरले आपण? गौरव अंकाच्या संपादकांनी हा परिच्छेद गाळायचा असेल तर सगळा लेखच गाळावा.

माणसाला बोलू न देता हार घालतात, तो दिवस वेगळा असतो. तो सरांपासून फार फार लांब राहो. त्यांचे गुडघे, डोळे आणि तो खणखणीत आवाज शाबूत राहोत. आणि समारंभाला हार बाजूला राहू द्या. सरांच्या हातात माईक द्या.