दौलतनं नाकारलेलं वर्ष

दौलत कासारेला परदेशात एक वर्ष शिकायला मिळत होतं आणि तो ते सोडून परत आला, म्हणून वरळीच्या बीडीडी चाळीत त्याला वेड्यात काढलं गेलं. वेडा तो नव्हता. त्याचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं.

आमची ओळख छप्पनच्या जानेवारीतली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आणि आम्ही स्वयंसेवक जखमींना दाराच्या फळीवर घालून उचलत होतो. लालबागला फळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. मी गिरगावातल्या पाठारे प्रभूंच्या घरचा मनमोहन, तो वरळीचा. कोण कुणाला शिवतंय हे बघायला तेव्हा सवड कुणाला होती! पुढे वर्षभर आम्ही सभांना पाणी पुरवलं, पत्रकं वाटली, कडकडून भांडलो. तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा आईनं त्याचं ताट वेगळं ठेवलं. मला दिसलं, पण मी काही बोललो नाही. असा मी शूर.

दौलतचे वडील आयुष्यभर शहरातला मैला बादलीनं उचलत होते. ते गेल्यावर तीच नोकरी पोराला मिळत होती. आई राधाबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. छप्पनच्या डिसेंबरात दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन मायलेक घरी आले, आणि तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, की उपाशी राहू, पण त्या बादलीला हात लावायचा नाही. मॅट्रिक होऊनही तो गिरणीत बदली कामगार म्हणून दुसऱ्यांचे खाडे भरत राहिला.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एका परदेशी संस्थेनं ऑस्ट्रियात शिबिर भरवलं. हंगेरीहून पळून आलेल्यांसाठी घरं बांधायची होती. आमच्या स्वयंसेवक मंडळानं आम्हा दोघांना पाठवलं. शिबिर संपताना एकाला वर्षभर ठेवून घेऊन बांधकाम शिकवणार होते. दौलतचा त्यावर जीव जडला. माझी भिंत पोटातून फुगायची, त्याची ओळंब्यात सरळ उभी राहायची. पण त्याला खरं सुख वेगळंच होतं. एकदा विटा रचता रचता म्हणाला, "इथं मी कोण ते कुणी विचारत नाही रे. तूही सांगू नकोस."

मी म्हटलं, छे, मी कशाला सांगतोय?

शिबिरात संडासाच्या बादल्या होत्या. रोज सकाळी दोघांनी त्या लांबच्या खड्ड्यात नेऊन ओतायच्या. मी माझ्या पाळीला बाह्या सरसावून गेलो आणि घरी चार पानी पत्र लिहिलं, जणू मोठा महात्माच. आईचं उत्तर आलं, की घरी आलास की आधी मोरीत जा. दौलत मात्र दर वेळी कुणाचं तरी चुना कालवायचं काम दुपटीनं अंगावर घ्यायचा आणि आपली पाळी टाळायचा. तिसऱ्या आठवड्यात ते उघडं पडलं. एक डच पोरगा जेवताना हसून मला म्हणाला, की तुमच्याकडचे वरच्या जातीचे लोक असल्या कामाला हात लावत नाहीत असं मी वाचलंय, तुझा मित्र त्यातलाच दिसतो. दौलतनं ऐकलं. त्यानं पावाचा तुकडा मोडला. मला हसावं की रडावं कळेना.

शिबिराच्या प्रमुख मार्थाबाई शिस्तीच्या. त्यांनी दौलतला बजावलं, उद्या बादली उचल, नाहीतर सामान बांध. तो नुसता "बरं" म्हणाला आणि खरंच पेटी भरायला लागला. मी धावत मार्थाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्याची जात, बाप, आईचं वचन, सगळं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, वाचवला आपण त्याला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले. पाळीच्या यादीतून त्याचं नाव काढलं. डच पोरानं रडत माफी मागितली. संध्याकाळी शेकोटीपाशी त्याला आपली कहाणी सांगण्याचा आग्रह झाला. तो उठून निघून गेला. त्यानंतर त्याची भिंत बघायला कुणी थांबेना, सगळे त्यालाच बघायचे.

शेवटच्या दिवशी वर्षभरासाठी त्याचंच नाव जाहीर झालं. टाळ्यांचा कडकडाट. दौलतनं उभं राहून बाईंना एवढंच विचारलं, हे कधी ठरलं? मनमोहननं सांगितलं त्याच्या आधी की नंतर? बाई खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, नंतर. त्यानं आभार मानले आणि नकार दिला.

मी त्याला कोपऱ्यात ओढून खूप बोललो. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, गिरणीत जाऊन काय मिळणार आहे?

"वीस दिवस मी गवंडी होतो," तो म्हणाला. "नुसता गवंडी. तुला तसे वीस दिवस कधी कुणाकडे मागावे लागलेत?"

परतीच्या बोटीवर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मुंबईच्या धक्क्यावर राधाबाई आल्या होत्या. लेकाच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि हात जोडले.

"तुमी सोबत व्हतात, दादा, म्हून माज्या पोराला परमुलखात कुणी हिणवलं न्हाई."

मी दौलतकडे पाहिलं. तो आईची पिशवी हातात घेऊन उभा होता.

मी "हो" म्हटलं.