शिट्ट्या मारणारा डबा
माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच, कोणी वाचलंच तर माफ करावं. आज शेजारी मिक्सर जळाला आणि त्या वासाने मुरबाडचा आमचा टायपिंगचा गाळा आठवला. तिथे एकदा माझी लेक दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सकाळपासून टाइप करत होती. अचानक बल्ब पांढराफटक पेटला, पंखा सुसाट सुटला आणि बाजूच्या हॉटेलातल्या टीव्हीतून धूर निघाला. आमचा यूपीएसचा डबा टक् करून शिट्ट्या मारू लागला. गावाकडे व्होल्टेज वाढलं की आम्ही आधी पिना उपटतो, म्हणून मी यूपीएसमधली कॉम्प्युटरची पिन धरली. लेकीने माझं मनगट पकडलं. "आये, ओढू नको! सेव केलं नाय अजून!" "फुटेल गो तो डबा!" "नाय फुटत. त्याने बाहेरची लाइट तोडली, आता बॅटरीवर चालवतोय. पाच मिनिटं मिळतील." एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने ती बटणं दाबत राहिली. बॅटरी संपत आली तशी शिट्टी एकसारखी वाजू लागली. काम सेव झालं, कॉम्प्युटर बंद झाला, तेव्हा कुठे तिने हात सोडला. मनगटावर तिची बोटं उमटली होती. आता ती सासरी असते. आली की पाया पडते, हसते, पण तेवढं घट्ट तिने मला पुन्हा कधी धरलं नाही.