गोगलगाईच्या पोटातल्या घड्या

अरियलूरच्या चुनखडीच्या खाणीत ती मला सापडली तेव्हा वाटलं होतं, आठवड्याभरात नाव लावून कॉलेजच्या कपाटात ठेवून टाकू. त्यात तीन वर्षं गेली.

मी बेळगावच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. तमिळनाडूच्या त्या सहलीत मुलांनी पिशव्या भरभरून शिंपले गोळा केले. मी एकच वस्तू रुमालात बांधून आणली: करंगळीएवढी, लांबट, दगड झालेली समुद्री गोगलगाय. गोगलगाय ओळखायची ती मुख्यतः तोंडाच्या आकारावरून आणि शेंड्यावरून. हिचं तोंड फुटलेलं, शेंडा गेलेला. माझ्या हाती फक्त मधलं धड.

आमच्या कपाटात लांबट दिसेल त्या प्रत्येक गोगलगाईवर कुणीतरी 'टरिटेला' अशी चिठ्ठी डकवून ठेवली आहे. मीही तेच केलं असतं. पण टरिटेलाचे वेढे सहसा बाहेर फुगलेले असतात, हिचे मधोमध आत दबलेले होते. तिथंच माझं डोकं अडकलं. तीन जाणकारांना फोटो पाठवले. दोघांनी दोन वेगळी नावं कळवली आणि तिसऱ्यांनी याहून बरा नमुना पाठवा म्हणून सांगितलं. बरा नमुना असता तर मी त्यांना विचारलंच कशाला असतं?

शेवटी निपाणीला सरांकडे गेले. त्यांनी मला एम.एस्सी.ला शिकवलेलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे बस तासभर रखडली. पोचले तेव्हा सर जेवून आडवे झालेले. उठल्यावर त्यांनी भिंग लावून गोगलगाय बराच वेळ फिरवली.

"नेरिनिया असंल," ते म्हणाले. "पण वरनं काय कळत न्हाय. हिच्या पोटात घड्या असत्यात. त्या मोजल्याबिगर नाव न्हाय. काप."

एकुलता एक नमुना, आणि हे म्हणतात काप. मी परत आले आणि दोन महिने तिला ड्रॉवरमध्ये ठेवलं. ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालून तिचा स्कॅनसुद्धा काढला. कवच चुनखडीचं, आत भरलेला गाळही चुनखडीचाच; पडद्यावर नुसता पांढरा ठोकळा दिसला. डॉक्टर हसले नाहीत, एवढं मात्र त्यांचं मोठेपण.

मग शहाबादी फरशी कापणाऱ्या एका दुकानात गेले. चीर बरोबर मधल्या अक्षावरून जायला हवी, म्हणून पेन्सिलीनं रेघ मारून दिली. कारागिराला कन्नडमधून दोनदा समजावलं, त्यानं दोनदा मान डोलावली. चीर रेघेच्या दोन मिलिमीटर बाजूला गेली. रेघ पाण्यानं पुसली गेली, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. मला मात्र तिथंच फरशीवर बसकण मारावीशी वाटली.

आता घासण्याशिवाय उपाय नव्हता. काचेवर घासायची खरखरीत पूड आणि पाणी टाकून, अक्ष ज्यात राहिला होता तो जाडसर तुकडा मी रोज थोडा थोडा घासू लागले. बेळगुंदीहून आई राहायला आली होती. तिनं दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "झिजवून संपवायचीच हुती तर आणलीस कशाला?" मलाही तीच भीती होती.

नवव्या दिवशी ओल्या कापावर मधला खांब उमटला, आणि पोकळीत आत वळलेल्या घड्या. प्रत्येक वेढ्यात त्याच जागी, त्याच आकाराच्या, तीन. मी आईला हाक मारली. ती चष्मा लावून वाकली. मग म्हणाली, "बाहेरनं काय बी दिसत न्हाय बग."

दोन्ही तुकडे घेऊन मी पुन्हा निपाणीला गेले. सरांनी घड्यांवर नख फिरवून मोजलं. वंश नेरिनिया ठरला. प्रजातीसाठी आम्ही जुन्या ग्रंथातली चित्रं उघडली, तर एकीच्या घड्या जुळेनात आणि दुसरीचा निमुळतेपणा. दुपार गेली. मी वैतागून म्हटलं, सर, दुसरीचंच नाव लावून टाकू, कोण बघायला येतंय?

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू आलीस की बघायला. दिसलं त्येवढंच लिवायचं."

चिठ्ठीवर मी लिहिलं: नेरिनिया, प्रजाती अनिश्चित. तीन वर्षांची कमाई तीन शब्द. निघताना तुकडे आवरायला लागले, तर एक सरांच्या मुठीत. अजून जरा बघतो म्हणाले. त्यालाही आता सहा महिने झाले. कॉलेजच्या रजिस्टरात एकाच क्रमांकाखाली अर्धा नमुना बेळगावात आणि अर्धा निपाणीत आहे. परवा फोन केला, तर सर म्हणाले, चौथी घडी असावी असा त्यांना संशय येतोय.