हरणीच्या आधी चंद्रभागा

कसब्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, देवळाला लागून चंद्रभागा तिची हरणी गाय घेऊन बसते. जाणारे-येणारे तिच्याकडून चाऱ्याची पेंडी घेतात, हरणीला घालतात, हात जोडतात आणि ऑफिसला पळतात. कुणी घरची पोळी आणली, तर चंद्रभागा आधी तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकते. "माझ्या जिभंला चाललं तर तिच्या पोटाला," हा तिचा कायदा. पेंड, सरकी, सगळं चाखलेलं. आमच्या गावच्या पाटलांनी सून बघतानासुद्धा एवढी पारख केली नव्हती. ती गोष्ट मोठी आहे, राहू द्या.

यंदा पावसाळ्यात हरणी व्याली आणि खंगली. फासळ्या दिसू लागल्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले, नुसत्या चाऱ्यावर भागायचं नाही, प्रथिनं पोटात जायला हवीत. चंद्रभागेचा दीर म्हणाला, "वसुबारसेपातूर सावरली नाय तर इकून टाकू. मरतुकड्या गाईला कोण हात जोडतंय?" चंद्रभागेचंही जेवण आटलं.

माझी नात निकिता खराडीला यीस्टची प्रथिनं करणाऱ्या कंपनीत आहे. पाव फुगवतं तेच यीस्ट. ते उसाच्या मळीवर वाढवायचं, वाळवायचं, पूड करायची. माणसांना चालते, गुरांनाही. डॉक्टरांना विचारून तिनं पिशवीभर पूड आणली. चंद्रभागा नळावर गेलेली, म्हणून पोरीनं स्वतःच ती आंबोणात कालवून बादली पुढं केली.

हरणीनं तोंड फिरवलं.

"आबा, प्रॉब्लेम वासाचा आहे," निकिता रडवेली झाली. "लॅबमध्येसुद्धा लोक नाक मुरडतात."

तेवढ्यात चंद्रभागा आली. "मला न इचारता घातलंस व्हय? मी खाल्ल्याबिगर ती कशी खाईल?"

तिनं हरणीसमोर बसून चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. शांतपणे घोळवली. "जवसाच्या चटणीवाणी हाय. मीठ तेवढं नाय." मग भाकरीला लावून अख्खी चतकोर खाल्ली. हरणी बघत होती. तिनं मान लांबवली आणि बादलीत तोंड घातलं.

वसुबारसेला हरणी जागेवरच होती, अंगावर झूल, शेजारी वासरू. गल्लीतल्या श्यामलाबाई उडदाचे वडे घेऊन आल्या. चंद्रभागेनं एक कोर मोडली.

"अहो, नैवेद्य गाईचा आहे, तुमचा नव्हे," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मग भरवा की तुमीच."

श्यामलाबाईंनी वडा पुढं धरला. हरणी चंद्रभागेच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. चंद्रभागेनं सावकाश चावून घास गिळला, तेव्हा कुठं हरणीनं जीभ बाहेर काढली.