बुधवारची निर्जळी

आमच्या घरात ‘जेवत का नाही?’ या प्रश्नाला ‘उपास आहे’ असं उत्तर आलं की चौकशी संपते. पुढे एवढंच विचारायचं, साबुदाणा भिजवू की वरी करू? माझ्या सासूबाईंनी या सवयीचा असा काही फायदा घेतला की अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

सासूबाईंना मी आई म्हणते. सासरे गेल्यावर त्या रत्नागिरीहून आमच्याकडे बेव्हर्ली पार्कमधल्या फ्लॅटवर राहायला आल्या. येताना देव आणले, चार भांडी आणली आणि उपास आणले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. माझा स्वभाव बरोबर उलटा. मला भूक धरवत नाही, रांगेत उभं राहवत नाही, दूध उतू जाईपर्यंतसुद्धा ओट्याशी थांबवत नाही. नवरा म्हणतो, पायाला भिंगरी आहे. आई म्हणतात, “अगो, जरा टेक गो बाय.”

त्या आठवड्यात आईंची खालची दाढ ठणकत होती. ते त्यांनी लपवलं नव्हतं. दाढेखाली लवंग धरून त्या खिडकीशी बसायच्या. शेजारच्या गुजराती काकींनी लवंगेचं तेल आणून दिलं, “बा, ये लगाव, अभी आराम पड जायेगा,” म्हणाल्या. गाल सुजला तसं मी म्हटलं, “चला, आपल्याच बिल्डिंगखाली दातांची डॉक्टर आहे. लिफ्टने उतरायचं, बस्स.”

“सूज असताना दात काढत नाहीत,” आई म्हणाल्या. “आधी सूज उतरू दे.”

नवऱ्याने लगेच मान डोलावली. त्याच्याही आजीने हेच सांगितलं होतं, माझ्याही आईने हेच सांगितलं होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. आणि आईंची दुसरी भीती वेगळीच. दाढ काढली की डोळा जातो म्हणे. खालच्या दाढेने डोळा कसा जाईल, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “शीर असते.” तव्यावर फडकं गरम करून गाल शेकणं चालू राहिलं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, “ठणका गेला बघ.” गालही जरा उतरल्यासारखा वाटत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी नाचतच ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर आई मानेभोवती शाल गुंडाळून बसलेल्या. थंडी वाजतेय म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत पंख्याशिवाय बसवत नव्हतं, आणि मी, मूर्ख बाई, पंखा बारीक करून भाजी निवडायला बसले.

सोमवारी उपास होताच. मंगळवारी ताट वाढलं तर म्हणाल्या, “मंगळवार धरलाय आजपासून.” मी नवऱ्याकडे बघून डोळे फिरवले. आठवड्याला आता चारच दिवस जेवायचे उरले, असं चिडवलंसुद्धा.

बुधवारी मला सुट्टी होती. सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवला. आईंचा कुठलाही उपास चहावर उभा असतो, चहाला देवाची परवानगी आहे असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी कप बाजूला सारला.

“नको. आज निर्जळी आहे.”

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले, सिंकमध्ये ओतला, नळ सोडला, आणि तशीच उभी राहिले. निर्जळी? आमच्याकडे निर्जळी म्हणजे हरतालिका. वर्षातून एकदा, गणपतीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि मला आदल्या दिवसापासून तिची आठवण करून देतात. आत्ता तर होळी होऊन गेली होती. आणि बुधवारी कसली निर्जळी!

मी नळ तसाच वाहता ठेवून बाहेर आले.

“कसली निर्जळी, आई?”

“नवस बोललेय.”

तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज येत होता. हातात छोटा टॉवेल होता, तो त्या ओठांच्या कडेला सारख्या टिपत होत्या. टॉवेल चिंब ओला. मी शाल ओढली. गालाची सूज उतरली होती खरी, पण ती जबड्याखाली उतरली होती. हनुवटीखाली सगळं भरून आलं होतं, मान आणि चेहरा यांच्यामधली रेघच गायब.

मी पेला भरून आणला. “माझ्यासमोर एक घोट घ्या. नवस मोडला तर पाप मला लागू दे.”

त्यांनी घोट घेतला. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं, अंगावर सांडलं, त्यांनी गळा धरला. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्या डोळ्यांत इतकी भीती होती की मला त्यांची ओळखच पटेना.

“नाय उतरत गो,” त्या म्हणाल्या.

मग मी काय काय केलं ते नीट सांगता येणार नाही. लिफ्टचं बटण दाबत राहिले एवढं आठवतं. खाली डॉक्टरणीने नुकतंच शटर वर केलं होतं, बाहेर दोघं-तिघं बसलेले, त्यांना ओलांडून मी आईंना सरळ आत नेलं. कुणीतरी “अरे, लाइन है” म्हणालं. मी वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. “आजी, मोठा आ करा,” म्हणाली. आईंचं तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. तिने जबड्याखाली दाबून पाहिलं, ताप बघितला, मग विचारलं, “आडवं झोपता येतं?” आईंनी नाही म्हणून मान हलवली. म्हणजे भिंतीला टेकून बसून झोपत होत्या, आणि आम्ही शेजारच्या खोलीत घोरत होतो.

डॉक्टरीण उठून हातमोजे काढायला लागली. “इथे मी हात लावणार नाही. दाढेचा पू खाली गळ्याकडे उतरलाय. ही सूज आतून जीभ वर ढकलते, श्वासाची वाट बंद होऊ शकते. हॉस्पिटलला न्या, आत्ताच. मी फोन करून ठेवते. वर जाऊन कपडेपण बदलू नका. आणि आडवं करू नका, बसवूनच न्या.”

“पण सूज उतरल्यावरच दात…” हे वाक्य माझ्या तोंडून अजूनही निघत होतं!

“सूज आहे म्हणूनच यायचं असतं, मॅडम.”

“पण ठणका तर गेला होता.”

“ठणका गेला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. पूला वाट मिळाली. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, आवाज बदलला, की थांबायचंच नाही. दाताचं दुखणं राहत नाही मग ते.” तिने फोन कानाला लावला आणि हाताने आम्हाला बाहेर पिटाळलं.

रिक्षात आई दांडी धरून पुढे वाकून बसल्या होत्या. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, वर होतेय ना, खाली होतेय ना. रस्ता खोदलेला, एका बाजूने दोन्हीकडची वाहनं, पुढे टेम्पो आडवा. मी उतरून टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारल्या. “हटाओ ना भैया, पेशंट है!” एरवी मी नुसती चिडते, त्या दिवशी चिडण्याचा काहीतरी उपयोग झाला. ‘आईंना हॉस्पिटलला नेतेय’ एवढंच मी नवऱ्याला कळवलं होतं, तेवढ्यात त्याचा फोन. “उपासाने चक्कर आली का?” त्याने विचारलं. मी त्याच्यावर इतकी ओरडले की रिक्षावाल्याने आपोआप वेग वाढवला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना लगेच आत घेतलं. जबड्याखाली छेद देऊन पू काढायचा, दाढ काढायची, आणि तोंडातून श्वासाची नळी गेली नाही तर गळ्याला भोक पाडावं लागेल, असं डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं. दार बंद झालं. मला बसवेना. मी त्या बोळात येरझाऱ्या घालत राहिले. वॉचमन म्हणाला, “मॅडम, बैठ जाओ.” मी त्यालाच उलट विचारलं, बसून काय होणार आहे? नवरा आला आणि बाकावर मटकन बसला. त्याच्याकडे बघितलं आणि मला सरळ भीती वाटली, आई मरतील अशी. आणि त्या भीतीतही मला रागच येत होता. दाढेने! कुणी दाढेने मरतं का? तेही एका खोट्या उपासाच्या आड बसून!

नळी तोंडातूनच गेली. गळ्याला भोक पाडावं लागलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “वेळेत आलात.” नवरा रडला. मी डॉक्टरांना एकच प्रश्न दोनदा विचारला, “नक्की?”

आई घरी आल्या, जबड्याखाली पट्टी, मऊ भात, पेज. आवाज परत स्वतःचा झाला, तेव्हा मी विषय काढला.

“मला का सांगितलं नाहीत, गिळता येत नाही म्हणून?”

त्या पेजेत चमचा फिरवत राहिल्या. “तुला सांगितलं असतं तर तू लगेच नेलं असतंस.”

“न्यायचंच तर होतं, आई!”

“म्हणून तर,” त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मग रडले, भांड्यांचा आवाज होता म्हणून बरं झालं. डाळीला फोडणी द्यायला गॅस पेटवला, तेल तापायला लागलं, तेवढ्यात मागे चाहूल लागली. आई दाराशी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. शाळेत चुकलेली मुलगी बाईंसमोर उभी राहते तशा.

“अगो,” त्या म्हणाल्या. “ही वरची, डावीकडची… पाणी लागलं की कळ येते.”

“कधीपासून?”

“आत्ताच. पेज खाऊन पाणी प्यायले ना, तेव्हा.” मग घाईघाईने, “लगेच सांगायला आले गो.”

मी गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागले.