हॉटेलात न जेवलेली काकू

हातखंब्याला महामार्ग सोडून रत्नागिरीकडे वळलं की एक मोठा फलक लागतो. त्यावर एक बाई समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटून बसली आहे आणि खाली लिहिलं आहे, 'घरी परत या'. ही बाई आमच्याकडची नाही हे उघड आहे. आमच्याकडची बाई घरी परतली की आधी मांजराने दुधाचं काय केलं ते बघते. फलक ज्या हॉटेलाचा आहे ते वेळणेश्वरच्या अलीकडे, माझ्या काकूच्या घराखालच्या उतारावर आहे. काकूला घरी परत यायचं तर त्या हॉटेलातूनच यावं लागतं, आणि भानगड तिथेच होती.

काकूची वाडी डोंगरावर. खाली उतरायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. एसटीचा थांबा, डॉक्टर, देऊळ, सगळं पाखाडीच्या पायथ्याशी. दुसरा रस्ता आहे, पण तो सगळ्या डोंगराला वळसा घालून जातो आणि काकूच्या गुडघ्यांच्या लेखी तो नाहीच. पाखाडीचा मधला तुकडा हॉटेलच्या आवारात गेला, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जागा कुणाचीही असो, पायऱ्या चढणाऱ्याच्या, असाच आजवरचा व्यवहार होता. मग एके दिवशी पाखाडीच्या दोन्ही अंगांना दोन खांब उभे राहिले.

"हॉटेलच्या माळ्याला विचारलं, खांब कशाला," काकू फोनवर म्हणाली. "म्हणतो, शोभेला. शोभेच्या खांबाला बिजागरीची भोकं असतात होय रे?"

त्यानंतर आठवड्याभरात त्याच माळ्याबरोबर निरोप आला. शेजारी म्हणून काकूंनी हॉटेलात जेवायला यावं, सोबत घरातलं कुणी आणावं. काकूचे दोन्ही मुलगे मुंबईला. थोरल्याचं म्हणणं, "आई, जा की मजेत, आणि फोटो पाठव." त्यामुळे घरातलं कुणी म्हणून मी जयगडच्या फेरीबोटीत बसलो. खोटं कशाला बोला, मला जेवणाची उत्सुकता होती. त्या स्वयंपाकघराबद्दल मुंबईच्या पेपरांत पानभर छापून आलं होतं आणि इतक्या विशेषणांमागे खायला नेमकं काय असतं ते मला बघायचं होतं.

संध्याकाळी पाखाडी उतरताना काकूने नियम सांगितला. "तिथे काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

मी थांबलो. नियम मला ठाऊक होता, पण तो हॉटेलांनाही लागू आहे हे ठाऊक नव्हतं. आमच्या वाडीत गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, किंवा वाटेवरून दोन घरांचं वाजलं की एकमेकांकडचं पाणी बंद. ज्याने आधी दुसऱ्याच्या घरी तोंड खरकटं केलं त्याची तक्रार मिटली. पुढे त्याने कितीही ओरडा केला, तरी लोक एवढंच विचारतात, "मग जेवलास कशाला?"

"मग जायचंच कशाला?" मी म्हटलं.

"बोलावलंन तर जावं. न गेलं तर आपण भांडखोर."

"आणि मी खाल्लं तर? भांडण तुझं आहे."

"तू काय दुसऱ्या घरातला आहेस?"

हॉटेलची इमारत बांधून दोन पावसाळे झाले असतील, पण साहेबाच्या काळापासून उभी असल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर बरीच मेहनत घेतली होती. भिंतींचा जांभा मुद्दाम उघडा ठेवलेला. आमच्याकडे लोक त्याला गिलावा करण्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. दारातल्या पाट्यावर वरवंट्याऐवजी मेणबत्ती होती. काकू तिथे वाकली, पाट्यावरून बोट फिरवलंन आणि म्हणाली, "छिन्नीने टाकी लावलेली नाही, नुसता गुळगुळीत. ह्याच्यावर काय वाटणार, कपाळ?"

मॅनेजर सामोरा आला. तिशीचा, गोड बोलणारा, न चुरगळणाऱ्या सुती कपड्यातला. काकूने गाव विचारलंन. म्हणाला, खेडजवळचा.

"खेडचा होय," काकू म्हणाली. तिच्या डोळ्यांतला संशय कमी होण्याऐवजी वाढला. परक्याचा डाव परका असतो, आपल्यातल्याचा ओळखायला जड जातो.

मग ताटल्या येऊ लागल्या. एवढ्या मोठ्या ताटल्या आणि त्यांत एवढंसं अन्न मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एकीत एकच तिसरी, म्हणजे खाडीतली शिंपली होती, कवचासकट, वाळूवर ठेवलेली. वाढणारा प्रत्येक पदार्थाची कथा सांगे: ही तिसरी कुठल्या खाडीतली, ती कुणी वेचली, तेव्हा ओहोटी कशी होती. काकू कीर्तनाला बसावं तशी मांडी सावरून ऐकत होती आणि मान डोलवत होती. कथा संपली की ताटली तशीच परत जाई. सोलकढीचा नुसता फेस आला. फणसाचा काहीतरी धूर आला, तो काचेच्या झाकणाखाली कोंडला होता. झाकण उचललं आणि वास माझ्या नाकात शिरला, तेव्हा हे खाल्ल्यात जमा होतं का असा प्रश्न मी काकूकडे डोळ्यांनी केला. तिने मान हलवून परवानगी दिली.

मॅनेजर अस्वस्थ झाला. "काकू, उपास आहे का? सांगायचं ना. वरीचे तांदूळ करायला सांगतो."

"नाही हो. छान आहे सगळं."

"मग घेत का नाही?"

"बघत्ये की."

थोड्या वेळाने वरीचे तांदूळ आलेच, वर एक फूल खोवून. काकूने फुलाचं कौतुक केलंन. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. त्यात पुदिन्याचं एक पान इतक्या निवांतपणे तरंगत होतं की मला त्याचा राग आला.

शेवटी गोडाची ताटली आली, तेव्हा मॅनेजर खुर्ची ओढून बसला. "एक सांगायचं होतं. वर पाखाडीला गेट लावतोय आम्ही. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी. तुम्हाला काही त्रास नाही, तुम्हाला कार्ड देऊ. दाखवलं की वॉचमन सोडेल."

काकूने माझ्याकडे पाहिलं. बिजागरीची भोकं तिने बरोबर वाचली होती.

"देवळात जाताना कार्ड दाखवू होय," ती म्हणाली. "आणि वॉचमन झोपला असला तर?" मग उठली, पदर सारखा केलान. "आम्ही काही खाल्लेलं नाही हां, बाळा. लक्षात ठेव."

घरी येऊन आम्ही पेज आणि सुकट खाल्ली. माझ्या आयुष्यातलं उत्तम जेवण ते, आणि त्याची कथा कुणी सांगितली नाही.

सकाळी मॅनेजर स्वतः पाखाडी चढून आला. घामाने सुती कपडे अखेर चुरगळले होते. रात्रीचं काही आवडलं नाही का, मालक विचारताहेत, म्हणाला. काकूने त्याला ओटीवर बसवलंन. मग विळी मागायच्या निमित्ताने शेजारणीला हाक मारलीन. आमच्या घरात विळ्या दोन आहेत. शेजारीण येऊन खांबाला टेकली, तेव्हा कुठे काकूने पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे केला.

तो तांब्याकडे क्षणभर बघत राहिला. मग काकूकडे, मग शेजारणीकडे. आणि घटाघटा प्यायला. त्यामागून घावणे आले, तेही त्याने चटणी निपटून खाल्ले. काकू त्याच्या प्रत्येक घासाकडे साक्षीदारासारखी बघत होती.

"आता गेट नको हां," तो हात धूत असताना ती म्हणाली.

"बघतो काकू," तो हसला.

त्याला मी पाखाडीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. "खेडकडेही असलं असतं का?" मी विचारलं. "पाणी न घेणं वगैरे?"

"असेल," तो म्हणाला. "माझी आजी मामांच्या घरात कधी पाणी प्यायली नाही." आणि पायऱ्या उतरून गेला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग तो प्यायला का, याचा मला आजही पत्ता लागलेला नाही. काकूला पाखाडी द्यायची म्हणून, की तहान लागली होती म्हणून, की खेडचा माणूस त्याहून पुढचं काही योजून होता म्हणून? काकूला मी हे सांगितलं, तर म्हणाली, "त्याच्या पोटात काय होतं ते मला काय करायचंय? पोटात गेलं काय, ते शेजारणीने बघितलंन."

गेट अजून लागलेलं नाही. पण खांब उभे आहेत. परवा गेलो, तर काकू सकाळीच घावण्यांचं पीठ कालवत होती आणि शेजारीण आधीच येऊन बसली होती.

"पुन्हा मॅनेजरला? एकदा खाल्लंय ना त्याने?"

"भोकं बुजवलीन का अजून?" काकू म्हणाली. "नाही ना? मग खाऊ दे."