टोपीखालचं कुंकू

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, या वेळी सुरुवातीला चार पानं लिहा, द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं जग इतकं हुबेहूब कसं उतरलं ते वाचकांना सांगा. यावर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. 'मी त्या बायकांमध्ये अख्खा हंगाम काढला, त्यांनी माझ्यापाशी मन मोकळं केलं,' हे वाक्य इतक्या सभागृहांत म्हटलं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. ते खरं नाही.

मी गंगापूर रोडला राहणारा निवृत्त मास्तर. द्राक्षं ताटलीत येतात तेवढीच मला ठाऊक. पिंपळगावला माझी चुलत बहीण एका पॅकहाउसमध्ये देखरेखीला होती, तिच्या ओळखीने मी आत गेलो. तेही अधूनमधून, सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी बहीण सगळ्यांना म्हणाली, "हा माझा दादा हाय. याला लाजू नका, आन् याच्या हातात घड देऊ नका, चेंगरून ठेवील."

बायका हसल्या आणि मी त्यांचाही दादा झालो. लेखक म्हणून गेलो असतो तर पदर सावरून उत्तरं मिळाली असती. दादासमोर त्या सासवांच्या नकला करत होत्या. या भाऊपणाचा मी पुरेपूर उपयोग करून घेतला.

माल परदेशी जायचा, त्यामुळे नियम कडक. दाराशी काचेच्या बांगड्या उतरवून रुमालात बांधून ठेवायच्या, टिकली काढायची, जाळीची टोपी पार भुवयांपर्यंत ओढायची. मग कात्री घेऊन घडातले खराब मणी कापत उभं राहायचं. आत सगळ्या सारख्या दिसत. कुणाला नवरा आहे आणि कुणाला नाही, हे नव्या माणसाला ओळखू येत नसे.

टेबलाच्या टोकाला एक डावखुरी बाई असायची. मध्ये उभी राहिली की तिचं कोपर शेजारणीला लागायचं, म्हणून टोकाची जागा कायमची तिची.

"डावरे, तुझा हात आवर," शेजारीण म्हणायची.

"तूच सरक. देवानं मला हात दिला, तुला जागा नाय दिली."

तिचा नवरा वारला होता. ती दिराच्या घरात राहत होती. हे मला बहिणीने सांगितलं. ती स्वतः माझ्याशी तिच्या आयुष्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

संक्रांतीच्या दिवशी काम संपल्यावर बहिणीने हात धुवायच्या नळांपाशी कुंकवाचा करंडा काढला. बांगड्या चढवायच्या आणि टोप्या काढायच्या आधीच सगळ्या रांगेत आल्या. ती प्रत्येकीची टोपी एका बोटाने वर सारायची, कुंकू लावायची आणि टोपी पुन्हा खाली ओढायची. रांगेत डावखुरीही होती. तिलाही लावलं. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मग तिने नळावर कपाळ धुतलं, टोपी कचऱ्यात टाकली आणि इतरांसारखी टेम्पोत चढून घरी गेली.

बहीण मला स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, "दादा, आजचं लिहू नको हां. दरसालचं हाय हे. कुणी बोलत नाय म्हणून चालतं."

"नाही गं, वेडी का तू?" मी म्हणालो.

गाडी ओझरला पोचायच्या आत प्रकरण डोक्यात तयार होतं.

नाव बदललं, गाव बदललं. डावा हात मात्र ठेवला. कोपर लागतं म्हणून टोकाची जागा, हे मी घरबसल्या कधी रचू शकलो नसतो; अशा तपशिलानेच लिखाण खरं वाटतं, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय यात सुधारणेचा विचार आहे, लोकांपर्यंत जायलाच हवा, असंही. आणि वर एक गोष्ट मी पदरची घातली. कुंकू लागताच तिच्या डोळ्यांतून धारा लागतात आणि रांगेतल्या साऱ्या बायका थबकतात, असं लिहिलं. लोकांनी सर्वांत जास्त वाखाणलं ते हेच. एका दिवाळी अंकाने तेवढं प्रकरण आधीच छापलं.

तो अंक पिंपळगावात पोचला. डाव्या हाताने कात्री धरून टोकाला उभी राहणारी बाई कोण, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. दीर म्हणाला, आमच्या घराची अब्रू पुस्तकात नेऊन मांडली. ती पॅकहाउस सोडून विंचूरला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाऊ लागली. पुढच्या संक्रांतीला नळापाशी कुणी करंडा काढला नाही. आणि बहीण त्या भाऊबीजेला आली नाही, त्यानंतरच्याही नाही. मी फोन केला तर एवढंच म्हणाली, "दादा म्हणून नेलं होतं तुला."

प्रकाशकांच्या फोननंतर मी पिंपळगावला गेलो. बहिणीने चहा केला, समोर बसली. म्हटलं, "ते प्रकरणच काढून टाकतो."

"मला काय विचारतो? जिचं हाय तिला विचार." तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडे खळ्यावरचा गलका होता. मी कोण ते सांगितलं. गलका जरा मागे पडला, ती बाजूला गेली असावी. मग म्हणाली, "बोला दादा."

मी माफी मागितली. प्रकरण काढतो म्हणालो.

"आता काढून काय करता? ज्यांना वाचायचं ते वाचून बसले. आमच्या गल्लीत अजून इचारत्यात, काय गं, आज रडली का? कुंकवासाठी रडणारी म्हणून पाडलं तुम्ही माझं नाव." आवाज चढला नव्हता. "दादा, मी रडले होते का त्या दिवशी?"

"नाही," मी म्हणालो.

"मग? मी काय बोलले ते आठवतंय का?"

आठवत होतं. मी नळाच्या पलीकडेच उभा होतो. ती बहिणीला म्हणाली होती, "जरा मोठं लाव गं, पाच मिनिटांचं तर हाय." आणि दोघी तोंड दाबून हसल्या होत्या. हे वाक्य मी ऐकलं होतं आणि वजन पडत नाही म्हणून टाकून दिलं होतं.

"तेवढं रडणं काढा," ती म्हणाली. "हात ऱ्हाऊ द्या. हात माझाच हाय." आणि फोन ठेवला.

प्रकाशकांना चार पानं पाठवली आहेत, ती हीच. त्या प्रकरणातले अश्रू काढून तिचं वाक्य घातलं आहे. ते म्हणाले, प्रसंग पडतो हो आता. म्हटलं, पडू द्या.

त्या दिवशी निघताना मी बहिणीला विचारलं होतं, "या भाऊबीजेला येशील?"

ती कपबशा उचलत होती. वर न बघता म्हणाली, "आधी छापून येऊ दे. मी वाचते, मंग बघू."